दहावीतल्या मुलीला शिक्षिका व्हायचंय, आत्तापासून काय करता येईल?

जाई_कोरेगाव

नमस्कार मंडळी. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. तिला शिक्षिका व्हायचंय, आणि तेही पहिली ते चौथीच्या मुलांची. हे ती बऱ्याच वर्षांपासून सांगत आलीय. मार्क चांगले पडतात, त्यामुळेच घरात वाद आहेत. मामांचं म्हणणं, एवढे मार्क असताना मास्तरकी कशाला. काका म्हणतात, आधी पदवी होऊ दे, बी.एड.चं मग बघू, आत्ता ती लहान आहे.

मी पतसंस्थेत नोकरी करते, या क्षेत्रातलं मला काही कळत नाही. अकरावीला शाखा कोणती घ्यावी, बारावीनंतर नेमकं काय असतं, आणि मधल्या दोन-तीन वर्षांत तिनं फक्त अभ्यासच करायचा की आणखी काही, एवढं जाणकारांनी सांगावं. नोकरी लागते का, हेही खरं खरं सांगा. गोड बोलून फसवू नका.

खडूफळा

जाईताई, मी पालघर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आधी काकांच्या सल्ल्याबद्दल बोलतो, कारण तो सल्ला जवळपास प्रत्येक घरात दिला जातो आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत तो थेट नुकसान करणारा आहे.

जून २०१८ मध्ये एनसीटीईनं (शिक्षकांची पात्रता ठरवणारी केंद्रीय संस्था) बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र धरलं होतं, सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करण्याच्या अटीवर. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात तो मार्ग बंद केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि बी.एड. त्यासाठी बनलेलंच नाही. माझ्या मते हा निकाल शंभर टक्के योग्य आहे. पहिलीच्या मुलाला अक्षर ओळखायला लावणं हे नववीला इतिहास शिकवण्यापेक्षा सोपं काम आहे, हा समज आपल्याकडे फार खोल रुतलाय.

म्हणजे पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर फाटा बारावीनंतर लगेच फुटतो. बारावी, मग दोन वर्षांचं डी.एल.एड. (आपलं जुनं डी.एड.), मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर एक, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टल या सरकारी भरतीच्या संकेतस्थळावरून निवड. पदवी आणि बी.एड. करून पंचविशीत कळलं की पहिलीच्या वर्गावर आपण चालतच नाही, तर ती पाच वर्षं कोण परत देणार? तेव्हा दहावीत विचारताय ते अगदी वेळेवर विचारताय.

विहंग

नोकरीचं खरं सांगा म्हणालात म्हणून लिहितो. मी २०११ ला डी.एड. झालो. २०१२ मध्ये भरती थांबली. टीईटी सक्तीची झाली, तिची राज्यातली पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये. ती पास झालो. त्यानंतर अभियोग्यता चाचणी आली, ती थेट डिसेंबर २०१७ मध्ये. त्यानंतरची २०२३ मध्ये. या मधल्या काळात माझ्याबरोबरची मुलं कोणी किराणा दुकान टाकलं, कोणी टेम्पो घेतला. एका खासगी संस्थेत मुलाखतीला गेलो तर शिकवता कसं हे कुणी विचारलं नाही, किती देऊ शकता हे विचारलं. २०२१ मध्ये टीईटीचा घोटाळा बाहेर आला, पैसे देऊन पास झालेल्या हजारो उमेदवारांची नावं निघाली. रात्रंदिवस अभ्यास केलेल्यांना ते वाचून काय वाटलं असेल याचा विचार करा.

आणि निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगाराऐवजी ठरावीक मानधनावर. मानधन आधी प्राथमिकला सहा हजार होतं, २०२३ पासून १६,००० झालं. ताई, मुलीला जरूर शिक्षिका करा, पण हे सगळं तिच्यासमोर मांडून मग.

खडूफळा

विहंगदादा, तुमचा शब्द न शब्द खरा आहे. शाळेत वर्ग रिकामे आणि बाहेर शिकलेली मुलं रिकामी, हे मीही पाहिलंय. त्यात पुन्हा मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) निर्णयामुळं लहान शाळांतली पदं आणखी कमी होतील ही भीती आहेच.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी. २०२३ च्या चाचणीवरून फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ११,००० जणांची शिफारस झाली, आणि निवड गुणांवर झाली. आमच्या केंद्रातही त्यातून नवीन मुलं-मुली आल्यात. एकीच्या घरात तिच्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही. शिक्षणसेवकाची तीन वर्षं झाली की मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता वगैरे.

भरती दरवर्षी होत नाही हे धरूनच आखणी करावी लागते. डी.एल.एड. झाल्यावर भरतीची वाट बघत बसायचं नाही, पदवी पूर्ण करायची, अगदी मुक्त विद्यापीठातून का होईना. पदवी आणि डी.एल.एड. दोन्ही असलं की टीईटीचा पेपर दोन देऊन सहावी ते आठवीलाही पात्र होता येतं. दोन्ही पेपर खिशात असलेला उमेदवार एकाच दारावर अडकून राहत नाही. टीईटी आता एकदा पास झाली की आयुष्यभर चालते. आणि ती टाळता येईल या भ्रमात कुणी राहू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर तर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ बाकी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही ती द्यावी लागणार आहे.

केतकी_डाएट

मी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत (डाएट) डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा आणि पोर्टलबद्दल वर सगळं आलंय. मला त्या मधल्या दोन-तीन वर्षांबद्दल लिहायचंय, कारण त्यावर कुणी बोलतच नाही.

इथं आल्यावर सूक्ष्म अध्यापन, टाचण (पाठाची लेखी आखणी), सराव पाठ, फळालेखन, आंतरवासिता (शाळेत जाऊन प्रत्यक्ष काम), हे सगळं शिकवतात. आमच्या बॅचमध्ये ज्यांनी आधी कधी कुणाला शिकवलेलं आहे आणि ज्यांनी नाही, त्यांच्यातला फरक पहिल्या सराव पाठातच दिसला. दुसरी मंडळी टाचण पाठ करून येतात आणि मुलानं अनपेक्षित उत्तर दिलं की गडबडतात. पहिली मंडळी त्या उत्तरापाशी थांबतात.

म्हणून ताई, तुमच्या मुलीला आत्ताच एक मूल गाठून द्या. क्लास काढायची गरज नाही, फी तर अजिबात नको. शेजारचं, भावकीतलं, दुसरी-तिसरीतलं एखादं मूल. आठवड्यातून दोनदा तासभर. अट एकच, त्या मुलाच्या चुका वहीत लिहून ठेवायच्या.

मी अकरावीत असताना आमच्या गल्लीतल्या एका मुलीला गणित शिकवायचे. ५२ मधून २७ वजा केले की ती ३५ लिहायची. तिच्या आईला वाटायचं पोरीचं लक्ष नाही. पण तिची बाकीची गणितंही तशीच होती: ६३ मधून २८ गेले की ४५, ८१ मधून ४६ गेले की ४५. म्हणजे ती दोन्ही घरांत मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढत होती, वर कोणता आणि खाली कोणता हे न बघता. तिचा नियम पक्का होता आणि ती तो प्रामाणिकपणे पाळत होती. तिला हातचा पुन्हा पुन्हा समजावून काही झालं नसतं. आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. आता सात सुट्ट्या दे म्हटल्यावर तिनं गठ्ठ्याचं रबर स्वतःच काढलं. त्यानंतर मग हातच्याचं लिखाण.

वहीत तीन रकाने पाडा. मुलानं काय केलं, त्याच्या डोक्यात काय असेल, मी काय केलं. 'एकोणपन्नास' ऐकून मुलं ५९ का लिहितात, चित्र बघून वाक्य पाठ म्हणणारं मूल खरंच वाचतंय का हे कसं ओळखायचं, असलं सगळं त्या वहीत जमा होतं. बालमानसशास्त्राचा पेपर मला त्या वहीमुळं सोपा गेला. टीईटीत त्याला ३० गुण आहेत, पण गुणांसाठी म्हणून हे करू नका.

अनघा_ठाणे

केतकी, फार सुंदर लिहिलंस.

एक वेगळा रस्ता सांगते, कारण दहावीतल्या मुलीचं मन पुढं बदलूही शकतं आणि तिला हायस्कूलला विज्ञान किंवा भाषा शिकवावीशी वाटू शकते. माझा मुलगा भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत चार वर्षांचं बी.एस्सी.बी.एड. करतोय. ही एनसीईआरटीची संस्था, महाराष्ट्र आणि गोवा तिच्याच क्षेत्रात येतात. श्यामला हिल्सवरच्या त्या परिसरात संस्थेची स्वतःची शाळा आहे.

बारावीनंतर पदवी आणि बी.एड. एकत्र चार वर्षांत होतं, वेगवेगळं केलं तर पाच लागतात. २०२०च्या शिक्षण धोरणात २०३० पर्यंत शिक्षकासाठी किमान पात्रता चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. असावी असं म्हटलंय. त्यासाठीचा आयटेप हा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला, त्यात काही आयआयटी आणि एनआयटीसुद्धा आहेत. प्रवेशासाठी एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेची एनसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, बारावीच्याच वर्षी. दोन भाषा, तुमचे विषय, सामान्य चाचणी आणि अध्यापन कल, असे भाग असतात. ती मराठीतूनही देता येते, हे अनेकांना माहीतच नसतं. महाराष्ट्रातल्या काही महाविद्यालयांतही बी.ए.बी.एड. आणि बी.एस्सी.बी.एड. होतं, त्याची सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घ्यायचा; ते आता सुरू आहे का, याची आधी चौकशी करा.

आयटेपला प्रवेश घेताना तो कोणत्या टप्प्यासाठी आहे हे मात्र नीट बघा. पायाभूत, पूर्वतयारी, पूर्वमाध्यमिक, माध्यमिक असे वेगवेगळे आहेत. नुसतं बी.एड. म्हणून घेऊन टाकू नका.

पाटीपुस्तक

मी निवृत्त मुख्याध्यापिका. "ती लहान आहे" हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. १८४८ मध्ये सावित्रीबाई भिडेवाड्यात शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. पंधरा-सोळाव्या वर्षी एखाद्या मुलीला आपल्याला काय करायचंय हे ठामपणे कळू शकतं. त्यावर विश्वास ठेवावा.

आता कामाचं. आपल्याकडे ५ सप्टेंबरला दहावीची मुलं एक दिवस शिक्षक होतात. साड्या नेसून, फोटो काढून तो दिवस संपतो. मी आमच्या शाळेत तो दिवस असा वाया जाऊ द्यायचे नाही. ज्या मुलींना खरंच शिकवायचं असायचं त्यांना आठवडाभर आधी तिसरी-चौथीच्या वर्गात मागं बसवायचे, कोण मूल काय चुकतं ते बघायला. मग एकच घटक शिकवायला द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाला पाच प्रश्न विचारायचे, मुलांना खरंच काय समजलं ते बघायला. तुमच्या मुलीच्या शाळेत असं होत नसेल तर तिनं स्वतः जाऊन बाईंना विचारावं. मागून बसून वर्ग बघू देता का, असं विचारणाऱ्या मुलीला नाही म्हणणारा शिक्षक मला अजून भेटलेला नाही.

दुसरं, नवभारत साक्षरता कार्यक्रम, उल्लास म्हणतात तो. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवायला स्वयंसेवक लागतात आणि वरच्या वर्गातले विद्यार्थीही ते होऊ शकतात. शाळेमार्फतच होतं. शेवटी चाचणी असते १५० गुणांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. यात गंमत म्हणजे बऱ्याचदा विद्यार्थिनी म्हणून स्वतःची आजीच मिळते.

आणि आजीला शिकवणं सोपं नाही हो. ती बाराखडीला कंटाळते. तिला बसची पाटी वाचायची असते, बचत गटाच्या वहीत आपली रक्कम बरोबर लिहिलीय का ते बघायचं असतं, नातवाचा फोन नंबर लावायचा असतो. आमच्याकडच्या एका नववीतल्या मुलीनं आजीच्या नावातल्या अक्षरांपासून सुरुवात केली, मग मुलांची नावं, मग गावांची. बाराखडी आलीच, पण आजीच्या गरजेच्या क्रमानं आली. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून समोरच्याला काय हवंय ते बघून क्रम लावणं पुष्कळ शिक्षकांना निवृत्तीपर्यंत जमत नाही.

मेळघाट_वही

धारणी तालुक्यातून लिहितोय. एकच मुद्दा. सातारा-पुण्याकडच्या मुलींना वाटतं शाळा म्हणजे एक वर्ग, एक शिक्षिका. आरटीईनुसार (शिक्षण हक्क कायद्यानुसार) पहिली ते पाचवीत साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. म्हणजे दोघांनी मिळून चार-पाच इयत्ता सांभाळायच्या. पहिलीला फळ्यावर अक्षरं, तेव्हाच तिसरीला गटात काम, चौथीतला कुणी दुसरीवाल्यांचं वाचन घेतोय. बहुवर्ग अध्यापन हा आमचा रोजचा दिवस आहे. तुमच्याही तालुक्यात वाड्या-वस्त्यांवर अशा शाळा असणार. सुट्टीत एक दिवस मुलीला अशा द्विशिक्षकी शाळेत घेऊन जा, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत बसू द्या. ते बघून तिला आणखी हुरूप आला तर समजा पोरगी पक्की आहे.

आणि भाषा. आमच्या पहिलीतली मुलं कोरकू बोलत येतात. पालघरला वारली असेल, गडचिरोलीत माडिया, गोंडी. मूल गप्प बसलंय म्हणजे त्याला येत नाही असं नसतं, आपण काय बोलतोय ते त्याला कळलेलं नसतं. मी इथं आल्यावर आधी मुलांकडूनच कोरकू शिकलो. त्यांना मास्तरला शिकवायला मिळालं म्हणून ती शाळेत यायला लागली.

विहंग

पाटीपुस्तक मॅडम आणि मेळघाटवाले सर, तुमचं वाचून बरं वाटलं. मी अजूनही चाचणी देतोय. संध्याकाळी वस्तीवरची मुलं घरी येतात, त्यांना शिकवणं सोडलेलं नाही. केतकीचा तीन रकान्यांचा उपाय उद्यापासून सुरू करतो.

जाईताई, एक विनंती. मुलीला शिकवायला लागू द्या, पण घरात 'प्लॅन बी' नावाचा धाक नको. पदवी तिला आवडत्या विषयात करू द्या. भरती लांबली तर ती पदवी कामाला येईल आणि वर्गातही तीच कामाला येईल.

जाई_कोरेगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळा धागा घरात मोठ्यानं वाचला. काकांनी ११ ऑगस्टच्या निकालाबद्दल दोनदा विचारलं, आता ते डी.एल.एड.ला हो म्हणतायत. मामा अजून तयार नाहीत. मुलीला स्वतः काही विचारायचंय, पुढचं तिनं टाइप केलंय.

नमस्कार. मला कला शाखा घ्यावीशी वाटते, कारण मानसशास्त्र शिकायचंय. पण कला घेतली तर गणित सुटेल, आणि मला लहान मुलांना गणित शिकवायला आवडतं. मग विज्ञान घेऊ का? आणि मार्क कमी पडले तर डी.एल.एड.ला प्रवेश मिळतो का? उल्लासबद्दल मी सोमवारी आमच्या बाईंना विचारणार आहे. आमच्या घरी काम करायला येणाऱ्या मावशींना शिकवायचं ठरवलंय, त्यांना रेशनची पावती वाचायची आहे.

केतकी_डाएट

अगं, मावशींची पावतीच तुझं पहिलं पुस्तक कर! जुन्या पावत्या जमा करून ठेव, किलो आणि रुपये दोन्ही त्यात येतात.

शाखेचं म्हणशील तर डी.एल.एड.ला कोणतीही चालते. आमच्या वर्गात तिन्ही शाखांची मुलं आहेत. खुल्या गटाला बारावीला साधारण ५० टक्के लागतात, राखीव गटाला सवलत आहे. तुला त्याची काळजी नको.

खडूफळा

बाळ, टीईटीच्या पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास प्रत्येकी ३० गुणांचे असतात. एकूण १५०, आणि पात्र व्हायला ६० टक्के, राखीव गटाला ५५. त्यातलं गणित शालेय पातळीचं आहे. ते अकरावी-बारावीच्या गणितावर अवलंबून नाही, तुझ्या दहावीपर्यंतच्या गणितावर आणि ते दुसऱ्याला समजावून सांगता येण्यावर आहे. तेव्हा भीतीपोटी विज्ञान घेऊ नकोस. पुढं सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवायचंच असेल तर मात्र विज्ञानाची पदवी लागेल, मग बारावीही विज्ञानच बरी. तेवढं आत्ता मनाशी ठरव.

कला घेतलीस तर मानसशास्त्राबरोबर शिक्षणशास्त्र किंवा बालविकास विषय मिळतो का बघ. काही कनिष्ठ महाविद्यालयांत कला शाखेलाही गणित घेता येतं. सगळीकडे सगळे विषय नसतात, म्हणून अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पसंतीक्रम भरण्याआधी दोन-तीन महाविद्यालयांत प्रत्यक्ष जाऊन विषयांची यादी बघून ये. २०२५ पासून ही प्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झालीय, त्यामुळं घरबसल्या फॉर्म भरून मोकळं व्हायचा मोह होतो.

आणि जाईताई, प्रमाणपत्रांचं काम दहावीच्या सुट्टीत उरकून घ्या. जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, आणि अधिवास. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव जसं छापलं जाईल तसंच पुढं डी.एल.एड., टीईटी आणि पोर्टलपर्यंत चालत राहतं. शाळेच्या नोंदवहीत तिच्या नावाचं किंवा तुमच्या नावाचं स्पेलिंग चुकलं असेल तर बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी मुख्याध्यापकांकडून दुरुस्त करून घ्या, नंतर फार हेलपाटे पडतात.

मामांना माझ्या शाळेवर घेऊन या. कासा नाक्यावर उतरलात की घ्यायला येतो.